कावेरींतील यजमान आणि पाहुणा



गोड्या पाण्यांतील वाघ म्हणून गळ टाकणारे शौकीन ज्याचा गौरव करितात, त्या महाशीर माशाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. हा मासा रोहूच्याच कुळांतला. परंतु त्याला खळाळतें, निर्मळ पाणी लागतें, आणि गळाला लागतांच तो ज्या वेगानें धांव घेतो, त्यापुढें भल्याभल्यांचे हात थकतात.

कोडगूच्या अरण्यांत उगम पावणारी कावेरी व तिच्या उपनद्या हें एका विशेष महाशिराचें माहेर आहे. त्याच्या मस्तकामागें पाठीला उंच कुबड असतें आणि पर नारिंगी असतात. कावेरीच्या खोऱ्याबाहेर तो कोठेंही आढळत नाहीं. १९४६ सालीं काबिनी नदींत म्हैसूरच्या व्हॅन इन्जेन यांनीं धरलेला महाशीर १२० पौंड भरला! इतका विख्यात मासा. पण त्याचें शास्त्रीय नांव निश्चित होण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. केरळांतील पांबार नदींतून २००७ सालीं ‘टॉर रेमादेवी’ या नांवानें वर्णिलेला मासा तो हाच, असें तेव्हां ठरलें. आणि त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्त म्हणून गणला गेला. नांव मिळालें तें असें अखेरच्या घटकेस!

याचें कारण काय? धरणें, वाळूचा उपसा, सुरुंगानें होणारी मासेमारी हीं तर आहेतच. पण आणखी एक कारण आपल्या घराजवळचें आहे. पुण्याजवळील मुळा-मुठेच्या माशांत कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनी महाशिराचें वर्णन केलें. पुढें लोणावळ्यास त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली, आणि १९७० नंतरच्या दशकांत तेथील पिलें कावेरींत सोडण्यांत येऊं लागलीं. हेतु निर्मळ होता. महाशीर घटत आहे, तेव्हां महाशीर सोडावा! पण कोणता महाशीर, हा प्रश्न मागेंच राहिला.

१९९८ ते २०१२ या काळांत कावेरीकांठीं गळाला लागलेल्या माशांच्या नोंदी पुढें अभ्यासकांनीं तपासल्या. पाहुण्याची संख्या वाढत गेली होती. कुबडवाल्यांची संख्या घटत होती, आणि जे सांपडत ते आकारानें मोठे होत चालले होते. वरवर पाहतां ही आनंदाची गोष्ट वाटेल. पण ज्या घरांत सारेच वृद्ध आणि पाळणा मात्र रिकामा, त्या घराची भरभराट कोण म्हणेल? आज मोयार नदीचा अरण्यांतील प्रवाह हाच या माशाचा मोठा आसरा उरला आहे.

यांत पाहुण्या माशाचा कांहींच अपराध नाहीं. मुळा-मुठेंत जो घरचा, तोच कावेरींत परका, एवढेंच. नदी म्हणजे रिकामें भांडें नव्हे. तिच्यांत कांहीं घालण्यापूर्वीं तेथें आधींपासून कोण नांदत आहे, याची विचारपूस करणें हा दात्याचा पहिला धर्म होय.