बेट कोणाला म्हणायचं?

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही भूगोलाचा माणूस नव्हे. कॉम्प्युटर इंजिनियरिंग केलं, आता कन्सल्टंट म्हणून लोकांच्या सिस्टीम्स सांभाळतो. आमच्या धंद्यात व्याख्या कच्ची असली की प्रोग्रॅम हमखास आपटतो. म्हणूनच शाळेतली बेटाची व्याख्या मला खटकते. चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन म्हणजे बेट! एवढी एकच अट घातली तर ऑस्ट्रेलिया बेट, अंटार्क्टिका बेट, आणि उत्तर-दक्षिण अमेरिका मिळून तेही एक बेटच.

मग आपण आकाराची अट घालतो. जगातलं सगळ्यात मोठं बेट ग्रीनलंड, साधारण २१.६ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे आपले सात महाराष्ट्र त्यात बसतील. (माणसं मात्र जेमतेम ५६-५७ हजार, डोंबिवलीच्या एखाद्या भागात मावतील एवढी.) त्याच्या खालोखाल न्यू गिनी, बोर्निओ आणि मादागास्कर. वरच्या बाजूला ऑस्ट्रेलिया, सुमारे ७६ लाख. ग्रीनलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये कोणीच नाही, म्हणून त्या मोकळ्या जागेत रेघ मारून आपण मोकळे झालो. भिंतीवरच्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, त्यावर जाऊ नका. १५६९ सालच्या मर्केटरच्या पद्धतीत ध्रुवाकडचे प्रदेश फुगतात. खरी आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

भूगर्भशास्त्रज्ञ मात्र आकार बघत नाहीत, खाली काय आहे ते बघतात. खंडाखालचं कवच ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकाचं, सरासरी ३५-४० किलोमीटर जाड. महासागराखालचं बेसाल्टचं, जड आणि फक्त सातेक किलोमीटर. या हिशेबाने ग्रीनलंड हा उत्तर अमेरिका खंडाचाच पाण्याने तोडलेला तुकडा. न्यू गिनी ऑस्ट्रेलियाचा. आइसलंड किंवा हवाई ही तळातून ज्वालामुखीने वर आलेली खरी समुद्राची लेकरं. आणि २०१७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं की न्यूझीलंडच्या खाली ४९ लाख चौरस किलोमीटरचा 'झीलँडिया' नावाचा अख्खा खंड आहे, फक्त त्याचा ९४ टक्के भाग बुडालेला आहे!

गंमत बघा, आपल्याकडे हे शब्द उलटे आहेत. पूजेच्या संकल्पात गुरुजी जंबुद्वीप आधी म्हणतात आणि भरतखंड नंतर. म्हणजे द्वीप मोठं आणि खंड त्याचा तुकडा. खंड या शब्दाचा अर्थच मुळी तुकडा. (दुबईत सत्यनारायण घालताना इथे कुठलं द्वीप म्हणायचं, हा प्रश्न गुरुजींवर सोडून देऊ.)

आता आपण राहतो तिथे येऊ. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती. आपल्या या आखाताची सरासरी खोली अवघी ३५ मीटर. म्हणजे तेव्हा इथे आखातच नव्हतं, जमीन होती, आणि तिच्यातून युफ्रेटिस-टायग्रिसचं पाणी होर्मुझकडे वाहत होतं. मग बर्फ वितळलं, पाणी आत आलं आणि उंचवटे तेवढे बेटं म्हणून उरले. अबूधाबीजवळच्या मरावा बेटावर जवळजवळ आठ हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं आणि एक मोती सापडला आहे. खुद्द अबूधाबी शहराचा गाभा बेटावरच आहे. १९६८ मध्ये मक्ता पूल झाला. जुन्या काळी लोक ओहोटीची वेळ साधून उथळ पाण्यातून उंट घेऊन पलीकडे जात. त्यांच्यावर नजर ठेवणारा मक्ता बुरूज पाण्यात अजून उभा आहे. मुलांना जरूर दाखवा.

आणि पाम जुमेरा? २००१ मध्ये काम सुरू झालं, ९ कोटी घनमीटरहून जास्त वाळू लागली. एवढं वाळवंट दारात असून ती वाळू चालली नाही. वाऱ्याने घासून गोल झालेले कण नीट बसत नाहीत, म्हणून समुद्रतळाची उपसावी लागली. पुढे कळलं की बाहेरच्या बांधामुळे आतलं पाणी साचतंय, तेव्हा बांधाला खिंडी पाडल्या. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्र कायद्यात बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली आणि भरतीतही पाण्यावर राहणारी जमीन. माणसाने बांधलेल्याला बेटाचा दर्जा नाही. कायद्याच्या पुस्तकात पाम हे बेटच नाही!

मुंबईकरांनी हसू नये. तिथली सात बेटं भराव घालून एक झाली, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे होऊन ती साष्टीला जोडली गेली. पण साष्टी स्वतः अजून बेटच आहे. वसईची खाडी, उल्हास नदी, ठाण्याची खाडी आणि अरबी समुद्र यांनी वेढलेलं. बोरिवली-मुलुंडचे लोक रोज बेटावरून बेटावर कामाला जातात आणि वैतागतात ते फक्त गर्दीवर.

ही सगळी बेटं त्या ग्रीनलंडला बांधलेली आहेत. तिथे काही ठिकाणी तीन किलोमीटर जाड बर्फ आहे. त्याच्या वजनाने मधली जमीन समुद्रपातळीच्याही खाली दबली आहे. ते सगळं वितळलं तर जगभरचा समुद्र सुमारे सात मीटर वर येईल. त्याला शतकानुशतकं लागतील, पण काम सुरू झालेलं आहे. २००२ पासूनच्या उपग्रहांच्या मोजणीनुसार वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ कमी होतंय, म्हणजे समुद्र पाऊण मिलिमीटर वर. आणि त्यात अन्याय असा, की एवढ्या बर्फाचं वस्तुमान समुद्राला आपल्याकडे ओढून धरतं. ते घटलं की ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर पाणी उतरतं आणि वाढीचा वाटा दूरच्या किनाऱ्यांना येतो. त्या दूरच्या किनाऱ्यांत अबूधाबी आली आणि मुंबईही आली.