गुप्त संकेतस्थळे आणि आपली सावधगिरी
(सुवर्णमहोत्सवी संमेलनात, बडोदे येथे दिलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण प्रथम सांगतो. गेल्या वर्षी आपल्यांतील एका वृद्ध सभासदांना ई-मेलने एक इंग्रजी पत्र आले. त्यात त्यांचा परवलीचा शब्द बिनचूक लिहिलेला होता. ‘तुमचे खासगी आयुष्य आमच्या हाती आहे, बिटकॉइनमध्ये पैसे न दिल्यास ते गुप्त जाळ्यावर उघडे करू,’ अशी धमकी होती. लाजेपोटी ते तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. नातीच्या शिक्षणाची ठेव मोडावयास निघाले, तेव्हा सूनबाईंनी हटकले म्हणून पैसे वाचले.

हे गुप्त जाळे आहे तरी काय? १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हर्सन प्रभृतींनी ही युक्ती शोधली. पुढे २००२ साली ‘टॉर’ ही व्यवस्था सर्वांसाठी खुली झाली. एका पाकिटात दुसरे व त्यात तिसरे, असे पत्र तीन ठाण्यांवरून जाते अशी कल्पना करा. प्रत्येक ठाणे आपल्यापुरते पाकीट उघडते. पहिल्यास पाठविणारा ठाऊक, पण मुक्काम ठाऊक नाही. तिसऱ्यास मुक्काम ठाऊक, पण पाठविणारा नाही. कांद्याच्या पापुद्र्यांवरून येथील संकेतस्थळांच्या पत्त्यांना शेवटी ‘ऑनियन’ जोडतात. आज हे पत्ते छपन्न अक्षरांचे असतात व टॉरवाचून उघडत नाहीत.

यात सारे वाईटच आहे असे नाही. जेथे बातम्यांवर बंदी असते, तेथील वाचकांसाठी बीबीसीने २०१९ साली असे स्थळ उघडले. उलट २०११ साली निघालेल्या ‘सिल्क रोड’वर अमली पदार्थांचा बाजार भरला. त्याचा चालक रॉस उल्ब्रिक्ट २०१३ साली पकडला गेला. पूर्वी एका जाहीर मजकुरात त्याने स्वतःचा ई-मेल पत्ता दिला होता. तोच तपासातील एक मोठा धागा ठरला. बुरखा कितीही दाट असो, माणूस स्वतःच्याच बोलण्याने ओळखू येतो.

म्हणून चार गोष्टी ध्यानी धरा. टॉर घ्यावयाचेच, तर मूळ संस्थेकडूनच घ्या. तेथे नाव, फोन, बँकेचा तपशील देऊ नका व उतरवून घेतलेली अनोळखी फाईल उघडू नका. शेवटच्या ठाण्यापुढचा प्रवास कुलूपबंद नसेल, तर तो मजकूर तेथे कोणीही वाचू शकतो. आणि हुबेहूब पत्त्यांची बनावट दुकाने तेथे पुष्कळ आहेत.

आता त्या पत्राविषयी. आपला परवलीचा शब्द बहुधा एखाद्या कंपनीच्या चोरीस गेलेल्या यादीतून येतो. अशा याद्या त्या बाजारात विकल्या जातात. तेवढ्यावरून चोर आपल्या संगणकात शिरला असे ठरत नाही. शब्द बदला, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, दुहेरी पडताळणी चालू करा. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी पुन्हा येते. पत्र जपून ठेवा. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा.

आणि सर्वांत आधी घरी सांगा. त्या वृद्ध गृहस्थांना चोरापेक्षा स्वतःच्या लाजेनेच अधिक गाठले होते. अडचणीतल्या माणसाने एकटे राहू नये, म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी ही संस्था काढली. तो हेतू याही संकटाला लागू आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.