खुर्ची रिकामी होण्याआधी



संस्थांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना वार्षिक सभेतलं एक वाक्य पाठ झालेलं असतं : "नवी माणसं मिळत नाहीत हो!" ज्या संस्थेत हे वाक्य उच्चारलं जातं, तिचं दप्तर उघडून पाहा. धनादेशावर दोन सह्या लागतात आणि सह्या करणारे दोघेही सत्तरीच्या पुढचे. देणगीदारांचे पत्ते सचिवांच्या खासगी डायरीत. विश्वस्तांच्या बदलाचा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे जातो तो बहुधा कुणाच्या तरी निधनानंतरच. दहा वर्षं राबलेल्या कार्यकर्तीला अंदाजपत्रक करताना कुणी बोलावलेलं नसतं. माणसं येतात, श्रोतेहो. आपण त्यांना कामाला लावतो, पण कारभारात घेत नाही. म्हणून खुर्ची रिकामी झाली की शोधाशोध सुरू होते.

याच पुण्यात या प्रश्नाचा फार नेटका विचार झालेला आहे. 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज, स्थापन केला. गोखले तेव्हा 39 वर्षांचे होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दरमहा 75 रुपयांवर वीस वर्षं शिकवण्याचं व्रत घेतलेल्यांपैकी ते एक. त्यागाला शिस्तीची चौकट लागते, हे त्यांनी तिथे अनुभवलं होतं. त्यांच्या समाजात येणाऱ्याला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे : तीन वर्षं पुण्यात राहून अभ्यास आणि दोन वर्षं देशभर हिंडणं. सभासदानं स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्चायची नाही आणि समाज जी तरतूद करील तीत कुटुंबासह समाधान मानायचं, अशी शपथ होती. शपथ कडक होती, पण घर चालवण्याची तरतूद समाजानं स्वतःकडे घेतली होती, हे आपण विसरतो.

पुढे काय झालं पाहा. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 48व्या वर्षी, गोखले गेले. समाज मात्र थांबला नाही. अध्यक्षपदी आले श्रीनिवास शास्त्री, मद्रासच्या एका हायस्कुलाचे एकेकाळचे मुख्याध्यापक. पहिल्या दिवसापासून सोबत असलेले गोपाळ कृष्ण देवधर पुण्यातच होते, तरीही ज्येष्ठता किंवा गाव हा निकष ठरला नाही. त्या देवधरांनी 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्यासह सेवासदन उभं केलं होतं. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि 1920 मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत ते आघाडीवर होते. ठक्करबाप्पा तर मुंबई महापालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडून 1914 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, आले आणि पुढे भिल्लांमध्ये आयुष्य वेचलं. देवधर आणि जोशी तर गोखल्यांच्या हयातीतच स्वतंत्र कामं पेलत होते. नेतृत्व घडतं ते असं, जबाबदारी अंगावर पडून.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. गांधीजींना समाजात घ्यावं अशी गोखल्यांची इच्छा होती. पण सभासदांना मतभेद मोठे वाटले आणि गोखल्यांच्या निधनानंतर गांधीजींनी स्वतःच अर्ज मागे घेतला. एका साच्यातली माणसं घडवताना साच्यात न मावणारा माणूस दाराशीच थांबतो. निवड करणाऱ्या प्रत्येक मंडळानं हे ध्यानात ठेवावं.

आज अडचणी वेगळ्या आहेत. देणगी प्रकल्पाला मिळते, माणूस घडवायला मिळत नाही. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा संबंधित कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनं 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. हात आखडले की पहिली कात्री लागते ती प्रशिक्षणाला आणि मानधनाला. मग घरची परिस्थिती बरी असलेलीच मुलं टिकतात. ज्या वस्तीसाठी संस्था काढली, त्या वस्तीतली हुशार मुलगी मात्र कर्जाचा हप्ता भरायला दुसरीकडे नोकरी धरते. तिला निष्ठा नव्हती असं कृपा करून म्हणू नका.

वाटा बंद नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 2006 पासून 'निर्माण'ची शिबिरं चालवली आहेत. तरुणांनी आयुष्याचा हेतू शोधावा आणि समाजातल्या खऱ्या प्रश्नाला भिडावं, हा त्यामागचा विचार. ते काम 'सर्च'मध्येच करावं असा आग्रह नाही. भरतीआधी अशी मशागत झाली, की येणारा माणूस उमजून येतो.

माझी विनंती संस्थाचालकांना आहे. यंदाच्या सभेत दुसऱ्या फळीचा विषय 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकलू नका, पहिला घ्या. चाळिशीच्या आतल्या दोघांना कार्यकारिणीत मताचा अधिकार द्या. एका विभागाचं अंदाजपत्रक पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा, आणि त्यांचा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी वर्षभर फिरवू नका. पदाची मुदत घटनेत लिहा. देणगीदारांसमोर बसताना या दोघांना शेजारी बसवा आणि बोलू द्या. मानधन असं ठेवा की त्यावर संसार होईल. देणगीदारांनीही आपल्या रकमेतला काही भाग माणसं घडवण्यासाठी म्हणून लिहून द्यावा.

तरुण श्रोत्यांनाही सांगतो : संस्थेत जाल तेव्हा हिशेब शिका, घटना वाचा, सभेत प्रश्न विचारा. संस्था कुणा एकाची मालमत्ता नसते. ती ज्यांच्यासाठी आहे त्या लोकांचं देणं आपल्यावर आहे, आणि काम खंडित न होता पुढच्यांच्या हाती देणं हा त्या देण्याचाच भाग आहे.