काचबिंदू, नांदेडचे फोटो आणि आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्यावर बोलायला डॉक्टर सोडून बँकवाला कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण विषय हिशेबाचाच आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. काचबिंदू झाला की ते हळूहळू मरू लागतात. हे असं खातं आहे, ज्यातून फक्त रक्कम निघते, भरणा कधीच होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी सांभाळता येते.

आणि बहुतेकांना कळतच नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं कमी होतं, समोरचं स्वच्छ दिसत राहतं. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून नेतो.

माझे थोरले बंधू डोंबिवलीला असतात. स्टेशनच्या पुलावर त्यांना डाव्या बाजूने येणारी माणसं धडकायची. घरचे म्हणायचे, वय झालं, लक्ष नसतं. पेपर तर ते बिनचूक वाचत होते! तपासणी झाली तेव्हा डावा डोळा बराचसा गेलेला होता. डॉक्टरांनी लगेच विचारलं, ‘भावंडं किती? सगळ्यांना तपासून घ्या.’ म्हणून मी गेलो. मला काहीही त्रास नव्हता, तरी सुरुवात झालेली होती. गेली नऊ वर्षे रोज रात्री थेंब घालतो आहे आणि आज हा कागद स्वतः वाचतो आहे.

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यात पाहिलं तरी काय? डोळ्यामागच्या पडद्यावर, नस जिथून बाहेर पडते तिथे एक फिकट चकती दिसते. चकतीच्या मध्यभागी छोटा खळगा असतो, त्याला ‘कप’ म्हणतात. तंतू मरत गेले की कप मोठा होतो. खास कॅमेऱ्याने या पडद्याचा फोटो मिनिटाभरात निघतो. अडचण आहे ती हजारो फोटो बघायला तज्ज्ञ कुठून आणायचे, ही.

इथे आपल्या नांदेडचं नाव येतं. तिथल्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतले प्रा. मनेश कोकरे, प्रसन्न पोरवाल, समीक्षा पाचडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फोटो कॉम्प्युटरला वाचायला शिकवण्याचं काम हाती घेतलं. बँकेत नवा क्लार्क सही ओळखायला कसा शिकतो? नमुना सह्यांची कार्डं बघून बघून. कॉम्प्युटरचंही तसंच. पण पूर्वी अशा फोटोंचे बहुतेक संग्रह परदेशी रुग्णांचे होते. या मंडळींनी नांदेडच्या नेत्र-दवाखान्यातल्या रुग्णांचे ५१६ फोटो निवडले. प्रत्येकात चकतीचा मध्य नोंदला. त्यातल्या ८१ फोटोंवर मधुमेहाने झालेले रक्ताचे ठिपके आणि डाग बारकाईने आखून दाखवले. २०१८ साली हा संग्रह जगभरच्या संशोधकांना खुला झाला आणि त्यावर वॉशिंग्टनच्या परिषदेत स्पर्धाही झाली. २०२१ मध्ये ३२०० फोटोंचा दुसरा संग्रह आला. त्यात ४६ प्रकारचे दोष नोंदलेले आहेत. आपला ‘मोठा झालेला कप’ हा त्यातलाच एक.

मंडळी, कॉम्प्युटरची हुशारी आपण ऐकतो. पण त्यामागे कोणीतरी एकेक फोटो डोळ्यांत तेल घालून पाहिलेला असतो.

मात्र फोटोवर भरवसा ठेवून मोकळं होऊ नका. सहीबद्दल शंका आली तर क्लार्क चेक ऑफिसरकडे पाठवतो, एवढंच मशीनचं काम. काहींचा कप जन्मतःच मोठा असतो. उलट, डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो. शेवटचा निर्णय प्रेशर, कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्ट आणि नस, हे सारं पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा.

आता आपल्या मुलुंडच्या सोसायटीपुरतं. दरवर्षीच्या शिबिरात चष्म्याचा नंबर काढतात, आपण खूश होतो. नंबर म्हणजे तपासणी नव्हे. यंदा कमिटीने प्रेशर आणि पडद्याचा फोटो, दोन्ही होतील असंच शिबिर ठरवावं, अशी माझी विनंती आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने यावं. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांनी तर शिबिराची वाटही पाहू नये. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांना न विचारता केमिस्टकडून आणून घालू नका, त्यानेही काचबिंदू होतो. आणि ज्यांना थेंब दिले आहेत त्यांनी ‘फरक वाटत नाही’ म्हणून बंद करू नयेत. फरक वाटत नाही, हाच त्या थेंबांचा गुण!

सोसायटीच्या ऑफिसात वही ठेवली आहे. जाताना नाव आणि फ्लॅट नंबर लिहून जा. ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांची नावं शेजाऱ्यांनी लिहावीत.