टिपण्यापूर्वीचे पाहणे

(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या छायाचित्रण वर्गापुढे केलेले भाषण)



मंडळाच्या पहिल्या पिढीचे समूहचित्र घ्यावयाचे ठरले आहे. त्या मंडळींपैकी कोणी मुलाकडे बंगळूरला, तर कोणी लेकीकडे पुण्यास राहावयास गेले आहेत. अनेकांनी ऐंशी ओलांडली आहे. ही सारी माणसे पुन्हा एकत्र बसतीलच, असे नाही. म्हणून डिजिटल एस. एल. आर. कॅमेऱ्यावरील एका दुर्लक्षित कळीविषयी आज बोलावे, असे आम्हांस वाटले.

व्ह्यूफाइंडरमध्ये आपण पाहतो ते होऊ घातलेले चित्र नव्हे. दृश्य उजळ दिसावे म्हणून लेन्सची पाती तेव्हा पूर्ण उघडी असतात. आपण एफ ८ ठरविले, तरी पाती तेवढी मिटतात ती शटरची कळ दाबल्यावरच. म्हणजे पाहिले एका छिद्रातून आणि टिपले दुसऱ्याच! छिद्र लहान झाले की रेखीव दिसणारा पट्टा पुढेमागे वाढतो. ह्या पट्ट्यालाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात.

आपल्या समूहचित्राचेच उदाहरण घेऊ. सतरंजीवर मुले ४ मीटरवर, खुर्च्यांवर ज्येष्ठ ४.८ मीटरवर, मागे उभे तरुण ५.६ मीटरवर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून मुलांवर फोकस केला, तर एफ २.८ ला सुमारे ३.५ ते ४.६ मीटरपर्यंतचेच रेखीव येते. ज्यांच्यासाठी चित्र काढावयाचे, तेच पुसट! एफ ८ ला हाच पट्टा सुमारे २.९ ते ६.५ मीटर होतो व तिन्ही रांगा त्यात सामावतात. हा हिशेब सर्वसाधारण आकाराच्या छपाईचा. भिंतीवर मोठे चित्र लावणार असाल, तर सैल हात ठेवू नये.

हे आधी डोळ्यांनी पाहावयाचे, तर पूर्वदर्शनाची कळ आहे. सन १९५९ च्या निकॉन एफवरही ती होती. बहुधा ती लेन्सच्या बैठकीशेजारी असते; काही स्वस्त कॅमेऱ्यांत ती नसते, तर काहींत दुसऱ्या कळीला हे काम सोपविता येते. ती दाबताच पाती मिटतात आणि दृश्य एकदम काळवंडते. बहुतेक जण येथेच दचकून कळ सोडतात. २.८ वरून ८ वर जाताना प्रकाश एक अष्टमांश उरतो, त्यास इलाज नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला घट्ट टेकवावा, बाजूचा उजेड हाताने अडवावा, क्षणभर थांबावे आणि मागच्या रांगेतील एखादा चष्मा किंवा साडीचा काठ न्याहाळावा. तो उमटला, की काम झाले.

त्याच वेळी पाठीमागेही नजर टाकावी. उघड्या छिद्रातून विरघळलेल्या विजेच्या तारा, कोपऱ्यातील केरसुणी आता ठळक होऊन बसतात, आणि नेमकी आजोबांच्या डोक्यामागे!

एक मर्यादा सांगितली पाहिजे. एफ १.८ सारख्या लेन्सचा खरा धूसरपणा बहुतेक आधुनिक व्ह्यूफाइंडरांत दिसतच नाही. त्यांची काच साधारण २.८ पर्यंतचाच परिणाम दाखविते. त्यासाठी मागच्या पडद्यावरील लाइव्ह व्ह्यू अधिक विश्वासाचा.

"चित्र काढून मागे पाहिले की झाले," असे तरुण मंडळी म्हणतील. जरूर पाहावे, पण त्या लहानशा पडद्यावर सारेच रेखीव वाटते. चेहरे मोठे करून, रांगेरांगेने पाहावे, तेही मंडळी उठण्यापूर्वी.

आता प्रश्न उजेडाचा. सभागृहात एफ २.८ ला १/१२५ सेकंद पुरत असेल, तर एफ ८ ला १/१५ लागेल. ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर राहील, पण हलणारी मान स्थिर होणार नाही, आय. एस. ओ. वाढवावा लागेल. त्यापेक्षा खुर्च्या सकाळी बाहेर अंगणात सावलीत मांडाव्यात, रांगा जवळ घ्याव्यात आणि फोकस मुलांवर न ठेवता ज्येष्ठांवर ठेवावा.