गजानन माधव मुक्तिबोध : कवी आणि अध्यापक

(शिक्षकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी १४ सप्टेंबरला हिंदी दिन साजरा होतो. त्याच्या तीन दिवस आधी, ११ सप्टेंबरला, हिंदीतील ज्या थोर कवीची पुण्यतिथी येते, त्याच्या घरची भाषा मराठी होती. गजानन माधव मुक्तिबोध यांचे पूर्वज खानदेशातील जळगावचे. हे घराणे पुढे ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि तेथील श्योपूर येथे १३ नोव्हेंबर १९१७ रोजी गजाननरावांचा जन्म झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात. नोकरी बदलीची, त्यामुळे मुलाच्या शिक्षणाची ओढाताण झाली. १९३० साली उज्जैन येथे मिडलच्या परीक्षेत हा विद्यार्थी नापास झाला, ही गोष्ट शिक्षकवर्गाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मात्र मराठीची वाट धरली. 'नवी मळवाट' आणि 'क्षिप्रा' यांमुळे ते मराठी वाचकांस परिचित आहेत. एका घरातील दोन भावांनी दोन भाषांचे काव्य समृद्ध केल्याची अशी उदाहरणे विरळाच.

१९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून बी. ए. झाल्यावर गजाननरावांनी शिक्षकी पेशा पत्करला. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, जबलपूर अशी त्यांची भटकंती चालली. मधूनमधून मुंबई, कलकत्ता, बनारस येथेही पोटासाठी जावे लागले. पगार तुटपुंजा आणि संसार वाढता. अशा धकाधकीतच १९४३ साली अज्ञेय यांनी संपादित केलेल्या 'तार सप्तक' या संग्रहात त्यांच्या कविता आल्या. त्या सात कवींत प्रभाकर माचवे हे आणखी एक मराठी भाषिक होते.

१९४८ च्या सुमारास ते नागपूरला आले. प्रथम शासनाच्या माहिती खात्यात, नंतर आकाशवाणीच्या वृत्तविभागात त्यांनी काम केले. दिवसभर पत्रके व बातम्या लिहिणाऱ्या माणसाच्या हातून रात्री दीर्घ कविता उतरत होती, हे कार्यालयीन लिखाणाला नीरस समजणाऱ्यांनी विसरू नये. पस्तिशी उलटल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठातून एम. ए. केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आकाशवाणी सोडून ते 'नया खून' या साप्ताहिकात गेले.

१९५८ साली राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात ते हिंदीचे प्राध्यापक झाले आणि प्रथमच थोडे स्थैर्य आले. महाविद्यालय जुन्या राजवाड्यात भरत असे आणि त्याच आवारात, तळ्याकाठी, त्यांचे बिऱ्हाड होते. प्रसादांच्या महाकाव्यावरील 'कामायनी : एक पुनर्विचार' हा त्यांचा समीक्षाग्रंथ १९६१ मध्ये निघाला. दीर्घ कविता ते पुन्हा पुन्हा लिहीत. एकेका कवितेवर वर्षे जात.

याच काळात त्यांच्यातील शिक्षकावर मोठा आघात झाला. शाळांसाठी लिहिलेल्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या त्यांच्या पुस्तकाविरुद्ध ओरड झाली आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. कर्जात बुडालेल्या संसाराला पाठ्यपुस्तकाचा आधार झाला असता, तोही गेला. पण खरा घाव निराळाच होता. कवितेवर टीका झाली तर कवी सोसतो. परंतु मुलांच्या हाती देण्यासाठी विचारपूर्वक लिहिलेले पुस्तक काढून घेतले गेले, तर शिक्षकाने वर्गात कोणत्या तोंडाने उभे राहावे? इतिहासाच्या मांडणीविषयी मतभेद असणारच. ज्या मजकुराविषयी शंका असेल त्याची जाणकारांकडून छाननी करवून घेता येते, चूक आढळली तर दुरुस्त करता येते. बंदीने यांपैकी काहीच साधत नाही. पाठ्यपुस्तके नेमणाऱ्या व नाकारणाऱ्या अधिकाऱ्यांनी या प्रकरणाची फाइल एकदा मनोमन उघडून पाहावी.

१९६४ च्या प्रारंभी त्यांना पक्षाघात झाला. भोपाळच्या रुग्णालयात उपचार झाले. पुढे हिंदी साहित्यिकांनी धडपड केली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लक्ष घातले आणि त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलविण्यात आले. तेथे ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नव्हता. श्रीकांत वर्मा यांनी कविता जुळविल्या, शमशेर बहादूर सिंह यांनी प्रस्तावना लिहिली आणि भारतीय ज्ञानपीठाने 'चाँद का मुँह टेढ़ा है' प्रसिद्ध केला. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांच्या संपादनाखाली समग्र साहित्याचे सहा खंड आले.

राजनांदगाव २००० सालापासून छत्तीसगडमध्ये आहे. तेथील त्यांच्या राहत्या वास्तूत आता स्मारक झाले आहे. जिन्याच्या गोल पायऱ्या त्यांच्या कवितांत पुन्हा पुन्हा येतात. त्या वास्तूतील गोल जिना पाहताना वाचकांना त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.