निष्कर्ष आधी कोणाला कळावा?

(शहाड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी पहिल्याच थांब्याला जेथे उभी राहते, त्या शहाडच्या परिसरात कृत्रिम रेशमाने कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांचे संसार चालवले. शहाडचा सेंचुरी रेयॉन आणि मोहोन्याची एन.आर.सी. ही नावे येथे कोणाला सांगावी लागत नाहीत. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवावयाचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करावयाची आणि तयार झालेला दाट द्रव बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडावयाचा, म्हणजे तंतू बनतो. त्याच कुंडावर, अर्थात स्पिनिंग खात्यात, कार्बन डायसल्फाइड मोकळा होऊन हवेत मिसळतो.

ही वाफ मज्जातंतू दुबळे करते, माणसाला भ्रमिष्ट करते, हे पॅरिसच्या देलपेश या डॉक्टरने रबराच्या कामातील मजूर तपासून १८५६ सालीच सांगितले होते. हृदयाची गोष्ट मात्र शंभर वर्षे झाकलेली राहिली. याचे कारण साधे आहे. भ्रमिष्ट झालेला कामगार चारचौघांच्या डोळ्यांत भरतो. पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेल्या कामगाराबद्दल ‘वेळ आली होती’ एवढेच म्हटले जाते. १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला. संशोधकांनी वेल्समधील रेयॉन कारखान्याच्या परिसरातील मृत्यूच्या नोंदवह्या उलटल्या आणि कोण कशाने गेला व कोणत्या खात्यात होता, हे जुळवून पाहिले. स्पिनिंग खात्यातील कामगारांत हृदयविकाराचे मृत्यू अपेक्षेच्या सुमारे अडीच पट निघाले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नव्हते.

त्याच सुमारास, १९६७ मध्ये, फिनलंडमध्ये हर्नबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४३ रेयॉन कामगार आणि तितकेच कागद कारखान्यातील कामगार निवडून त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्याचे ठरवले. पहिल्या सुमारे पाच वर्षांत हृदयविकाराने रेयॉनचे १४ आणि कागदाचे ३ कामगार दगावले. आता विचार करावा. चौदा आणि तीन! आकडे लहान आहेत. काटेकोर शास्त्रज्ञ म्हणू शकला असता की आणखी दहा वर्षे थांबू, पुरावा पक्का होऊ दे, मग बोलू. शास्त्राच्या दृष्टीने ते चूकही ठरले नसते. पण ती दहा वर्षे शास्त्रज्ञाने कागदावर काढली असती आणि कामगाराने त्या कुंडावर काढली असती. फिनलंडमध्ये कोणी थांबले नाही. निष्कर्ष मांडले गेले, १९७२ मध्ये हवेतील मर्यादा दहा लक्ष भागांत १० भागांवर आणली गेली आणि ज्यांचे हृदय धोक्यात दिसत होते अशांना त्या खात्यातून हलवण्यात आले. पंधरा वर्षांचा संपूर्ण अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की नंतरच्या वर्षांत रेयॉन कामगारांतील हृदयविकाराचे मृत्यू कागद कामगारांच्या बरोबरीला आले होते. म्हणजे अहवाल पूर्ण होईतो माणसे वाचलेली होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. घाईचा निष्कर्ष घातक ठरत नाही काय? ठरतो. कोविडच्या काळात रेमडेसिविरचा गवगवा अपुऱ्या पुराव्यावर झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मोठ्या चाचणीचे अंतरिम निष्कर्ष जाहीर केले; त्यांत या औषधाने मृत्यू कमी होत असल्याचे दिसले नाही. तरी एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर नातेवाईक दागिने मोडून त्याच इंजेक्शनामागे धावत होते. उलट डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने प्राणवायूवर असलेले रुग्ण वाचतात, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १६ जून २०२० रोजी शोधनिबंधाची वाट न पाहता जाहीर केले, आणि ते खरे ठरले. तेव्हा प्रश्न केवळ घाईचा नाही. निष्कर्ष चुकला तर भुर्दंड कोणाला पडतो, हे पाहावयाचे. औषध खपवणारा निष्कर्ष चुकला तर रोगी मरतो आणि त्याचे घर कर्जात बुडते. वाफ कमी करा म्हणणारा निष्कर्ष चुकला तर मालकाचा पंख्यांवर व झाकणांवर थोडा खर्च वाया जातो. पहिल्यासाठी पुरावा कसोशीने मागावा, दुसऱ्यासाठी चौदा आणि तीन पुरेत.

भारतात हीच १० भागांची मर्यादा कारखाना कायद्यात यावयास १९८७ साल उजाडले. मध्ये भोपाळ घडावे लागले. त्याच दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला पाहू देणे मालकावर बंधनकारक केले. आता त्या कायद्याची जागा श्रमसंहितेने घेतली आहे, म्हणून नोंदी मागण्याची गरज संपलेली नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी सेंचुरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले, तेव्हा मंत्री, वार्ताहर, सारे धावले. ते योग्यच झाले. संथपणे होणाऱ्या मृत्यूकडे मात्र कोणी धावत नाही. एन.आर.सी. २००९ मध्ये बंद पडली. थकलेल्या देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षे झगडले. तेथील स्पिनिंग खात्यातील माणसे आज कोठे आहेत, किती उरली आहेत आणि गेलेली कशाने गेली, ही यादी देण्यांच्या यादीइतकीच महत्त्वाची आहे. पांगलेल्या कामगारांचे पत्ते संघटनेच्या जुन्या वर्गणीच्या वह्यांत सापडू शकतात. मृत्यूच्या नोंदी महापालिकेत असतात. एका वहीत नाव, खाते, नोकरीची वर्षे आणि आजार एवढे चार रकाने आखून मोहोने, शहाड आणि आंबिवलीच्या वस्त्यांतून काम सुरू करता येईल, आणि पहिल्या शंभर नावांची यादी तयार होताच ती त्या कुटुंबांसमोर वाचून दाखवता येईल.